भाड्याच्या रकान्यात शून्य

पुण्याची ऑफर आली तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, "पुण्याला? तिथे आपलं कोण आहे?"

आता गंमत बघा. आम्ही बडोद्यातले मराठी. शेजारच्या पटेल-शहांसाठी आम्ही चार पिढ्यांनंतरही "महाराष्ट्रियन", दसऱ्याला आपट्याची पानं वाटणारे, गणपतीत दहा दिवस ढोल बडवणारे, चहात साखर कमी मागणारे. आणि प्रत्यक्ष महाराष्ट्रात जायची वेळ आली तर तिथे आपलं कोणीच नाही! बरं, आजी खोटंही बोलत नव्हती. आमचं सगळं गोत एकतर दांडिया बाजार नाहीतर शियाबाग, थोडं अहमदाबाद, थोडं सुरत, आणि एक चुलतभाऊ टोरंटोला. पुण्यात एक लांबची आत्या होती, ती पण मुलीकडे बंगळुरूला गेली.

टोरंटोवरून आठवलं. आमच्या शहरात अलकापुरीपासून फतेहगंजपर्यंत कुठेही मान वर करा, आयईएलटीएस (परदेशी जायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) क्लास आणि व्हिसा कन्सल्टन्सीच्या पाट्या दिसतात. तिकडे जाणाऱ्याला कुणी "का जातोस" असं विचारत नाही, पेढे वाटतात, स्टेशनवर सोडायला तीन गाड्या जातात. मी पुण्याला जायचा विचार करतेय म्हटल्यावर मात्र सोसायटीतल्या मासींनी गेटपाशी थांबवून विचारलं, "पण बेटा, अहीं शुं ओछुं छे?" म्हणजे इथे काय कमी आहे? कॅनडाचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ आहे, पुण्याचं मला द्यावं लागतं. एवढ्या जवळ जायचं तर जाताच कशाला, असा साधारण हिशोब. बाबांनी तर पर्यायही सुचवला, अहमदाबादला बघ आणि अपडाऊन कर. बडोद्यात अपडाऊन ही एक जीवनपद्धतीच आहे, आणंद, भरूच, अंकलेश्वर, अहमदाबाद, रोज सकाळी अर्धं गाव पास काढून गाडीत बसतं आणि रात्री घरी येऊन खिचडी-कढी खातं. एक्सप्रेसवे झाल्यापासून तर अहमदाबाद म्हणजे ९३ किलोमीटरचा सरळ रस्ता. नोकरी कुठेही करा, झोपायला बडोद्यात या.

मी ट्रान्सफॉर्मर डिझाइनमध्ये आहे. हे बडोद्यात सांगितलं की कुणी "म्हणजे नक्की काय" विचारत नाही, कारण प्रत्येकाच्या घरात कुणीतरी ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर नाहीतर केबलवाल्यांकडे असतोच. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपासून वाघोडिया, सावलीपर्यंत हा धंदा पसरलाय, टेस्टिंगसाठी एर्डासारखी लॅब गावातच आहे, बाहेरगावचे लोक ट्रेलरवर माल लादून तिथे येतात आणि आम्ही अॅक्टिवावर डबा घेऊन जातो. त्यामुळे "लहान शहरात स्कोप नाही" हे जे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं ते मला वापरताच येत नव्हतं. माझ्या कामासाठी बडोदं हे मोठं शहर आहे.

पण पुण्याचं काम वेगळं होतं. चाकणच्या बाजूला एक कंपनी ईव्हीचे फास्ट चार्जर बनवते, त्यांना मॅग्नेटिक्स, म्हणजे त्यातले छोटे ट्रान्सफॉर्मर वगैरे, डिझाइन करणारं माणूस हवं होतं. आत्ता मी जे करते त्यात सगळं पन्नास हर्ट्झवर चालतं, सीआरजीओ नावाच्या खास स्टीलचा कोअर, तेलाची टाकी, आणि टेम्परेचर राइज टेस्ट लागली की रात्र रात्र आकडे लिहीत बसायचं. तिथे फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, कोअर फेराइटचा, आणि ट्रान्सफॉर्मर हातात मावेल एवढा. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी एक जळलेलं सॅम्पल कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे का जळलं असेल. मला अर्धवट उत्तर आलं, पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि ते टेन्शन नव्हतं. कॉलेज संपल्यापासून असं झालंच नव्हतं.

असो. मग मी तेच केलं जे माझ्या वयाचं कुणीही करतं, एक्सेल उघडलं.

ऑफरचा आकडा माझ्या पगाराच्या जवळजवळ दीडपट दिसत होता, पण सीटीसी म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात व्हेरिएबल, कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेमचा हप्ता असं सगळं कोंबलेलं असतं, ते एकेक काढत गेलं की हातात येणारा आकडा बराच बारीक होतो. मग भाडं. मोशीकडे शेअरिंगमध्ये राहिलं तरी माझ्या वाट्याला पंधरा हजार धरले, वर डिपॉझिट, ब्रोकर, स्वयंपाकाच्या मावशी, लाइट बिल. नव्या टॅक्स रिजिममध्ये घरभाड्याची सूट मिळतच नाही त्यामुळे पगारपत्रकातला एचआरए नुसता बघायला. प्रोफेशनल टॅक्स आपल्याकडे वर्षाला २,४०० आणि महाराष्ट्रात २,५००, तो वरचा शंभराचा फरकसुद्धा मी लिहिला, एवढी पेटले होते. आणि शेवटी उत्तर असं आलं की बडोद्यात राहिले तर महिन्याअखेरी जास्त पैसे उरतात. चांगलेच जास्त.

शीट बाबांना दाखवलं. बाबा कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेत, आकडे वाचायची त्यांना सवय आहे. चष्मा लावून खाली खाली आले आणि भाड्याच्या ओळीवर थांबले. पुण्याच्या रकान्यात पंधरा हजार, बडोद्याच्या रकान्यात शून्य.

"हे शून्य कुठून आणलंस?"

"घर आपलंच आहे ना."

"आपलं म्हणजे माझं आहे," एवढंच म्हणाले आणि दूधवाल्याचा हिशोब करायला उठून गेले.

चिडून नव्हते बोलले, बाबा असंच बोलतात. पण ते वाक्य डोक्यात बसलं. कारण खरंच, ते शून्य माझं नव्हतंच. त्याच्या मागे मांजलपूरचं टेनामेंट, म्हणजे आमचं हे घर, घेताना बाबांनी काढलेलं लोन होतं, आईने मोडलेल्या पाटल्या होत्या, मी शाळेत असताना कितीतरी वर्षं कुठेही फिरायला न गेलेल्या सुट्ट्या होत्या. जेवणाच्या ओळीत मी बडोद्यासमोर "घरी देते ते" असं लिहिलं होतं, म्हणजे किराणा. ते शिजवणारी आई कुठल्याच रकान्यात नव्हती, पुण्यात मात्र स्वयंपाकाच्या मावशींना पैसे धरले होते! बडोदं स्वस्त आहे, बडोदं निवांत आहे, बडोद्यात सेव्हिंग होतं, हे मी ऑफिसातल्या बाहेरून आलेल्या मुलींना किती वेळा ऐकवलंय, आणि त्या पीजीत राहून त्याच शहरात महिनाअखेरीला उसने मागतात. त्यांच्यासाठी बडोदं स्वस्त नाहीये. माझ्यासाठीही नाहीये, फक्त माझं बिल दुसऱ्या कुणीतरी भरलंय.

आणि त्याच्याही मागे पणजोबा. सयाजीराव महाराजांनी अमरेलीत १८९३ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो पूर्ण संस्थानाला लागू केला, आता एवढ्या शाळा काढल्या म्हणजे मास्तर लागणार, तपासणीला माणसं लागणार, कारकून लागणार. त्या लाटेच्या मागून वीस-बावीस वर्षांचे पणजोबा साताऱ्याकडून इथे आले, शाळाखात्यात चिकटले आणि दांडिया बाजारात एका वाड्यात दोन खणांची जागा भाड्याने घेतली. पणजी नंतर आली. घरात त्यांच्याबद्दल ज्या गोष्टी सांगतात त्यात शौर्य वगैरे काही नाही, उन्हाळा सहन होत नव्हता, डाळ गोड असायची, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर करून उरत काही नव्हतं. म्हणजे आजच्या कुठल्याही जॉइनरसारखंच. त्याच दांडिया बाजारात अरविंद घोषांचं घर आहे, आता अरविंद निवास म्हणतात. तेही १८९३ मध्ये विलायतेहून विशीत इथे नोकरीलाच आले, कॉलेजात इंग्लिश आणि फ्रेंच शिकवलं, तेरा वर्षं राहिले. लहानपणी तिथल्या शांततेत आम्हाला फार कंटाळा यायचा. तिथे राहिलेला माणूस कधीकाळी ऑफर लेटर घेऊन आलेला नवखा होता हे कुणी सांगितलं असतं तर जरा इंटरेस्ट आला असता.

आजोबा तर म्हणायचे, मी जागचा हललो नाही, राज्यच दोनदा बदललं. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा घरबसल्या ते गुजरातमध्ये आले. मधली अकरा वर्षं बडोदं आणि पुणं एकाच राज्यात होती. नोकरीसाठी आलेल्या माणसाची आम्ही नातवंडं-पणतवंडं, आणि घरातलं कुणी नोकरीसाठी जायचं म्हटलं की सुतक असल्यासारखी तोंडं, हे जरा विचित्रच आहे ना.

पण इथे मला अजून एक गोष्ट लिहायचीये, जी लिहायला थोडं जड जातं. पणजोबांना जागा मिळाली. सगळ्यांना मिळाली नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला आले, वय सव्वीस. गायकवाडांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियात शिकलेले, त्याच्या करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते, आणि या गावात त्यांना कुणी खोली देईना. वहीत पारशी नाव लावून एका पारशी विश्रामगृहात राहिले, दिवसाला दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसं वर आली. गावात एक हिंदू आणि एक ख्रिश्चन मित्र होते, दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळलं. मग कमाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तिथे आज त्यांचं स्मारक आहे, संकल्पभूमी. शाळेच्या सहलीत आम्हाला त्या बागेतली टॉय ट्रेन दाखवली, वाघ दाखवला, हे नाही दाखवलं.

आणि हे जुनं झालं म्हणायची पण सोय नाही. माझ्या टीममध्ये भोपाळहून आलेला एक मुलगा आहे, कामात आमच्यापेक्षा हुशार. त्याचं नाव ऐकलं की ब्रोकर "जरा ओनरला विचारून सांगतो" म्हणतो आणि परत फोन येत नाही. शेवटी ऑफिसपासून इतक्या लांब जागा मिळाली की त्याचा रोजचा जाण्यायेण्याचा वेळ बघून मला अहमदाबादचं अपडाऊन सोपं वाटतं. तोही एक्सेल करत असेल. त्याच्या रकान्यात काय येत असेल मला खरंच कल्पना नाही. मी रात्री बाराला गरबा खेळून समा भागातून मांजलपूरला एकटी अॅक्टिवा चालवत येते आणि अभिमानाने सांगते की बघा आमचं शहर, हे खरंच आहे, नवरात्रात हे शहर पोरींचं असतं. पण त्या निर्धास्तपणात किती भाग शहराचा आणि किती माझ्या आडनावाचा, ओळखीपाळखीचा, हे आधी कधी वेगळं काढून बघितलं नव्हतं.

आई मात्र अशा चर्चेत पडत नाही. तिचा मुद्दा एकच, अडीनडीला कोण? आणि तिच्याकडे पुरावा होता. ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, २६ फुटांना धोक्याची पातळी असते, आजवा धरणाचं पाणी, वरून पाऊस, सोसायट्यांमध्ये मगरी फिरत होत्या. समाला राहणारी माझी मैत्रीण, तिचे आईबाबा आणि त्यांचं मांजर आमच्याकडे वरच्या खोलीत राहिले, पाणी उतरून घरातला गाळ निघेपर्यंत. "पुण्यात असं झालं तर तू कुणाकडे जाशील?" मी म्हटलं, आई, पुण्यातही त्याच वर्षी झालं, जुलैमध्ये खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांमध्ये शिरलं. म्हणजे पुराच्या बाबतीत दोन्ही शहरं सेम आहेत, तो मुद्दा कॅन्सल. यावर आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती बघून मी पुढे काही बोलले नाही. तिचा प्रश्न पुराचा नव्हता हे मलाही कळतं हो.

तरी एकदा जाऊन बघून येऊ म्हणून शनिवार-रविवार पकडून पुण्याला गेले. रात्रीची स्लीपर बस, गोल्डन चौकडीवरून. आपला हा हायवे म्हणजे एनएच ४८, हाच पुढे सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर करत बंगळुरूवरून चेन्नईला जातो, म्हणजे आपल्या गावाबाहेरून जो रस्ता जातो त्यावर नुसतं बसून राहिलं तरी आयटीवाल्यांची सगळी स्वप्नं येऊन जातात. सुरतला बस थांबली तेव्हा विनोबा आठवले. तेही बडोद्यातच वाढलेले. मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतला उतरून काशीच्या गाडीत चढले. सर्टिफिकिटं तर आधीच चुलीत घालून झाली होती. घरच्यांना कळलं नंतर पत्राने. मी सुरतला उतरून एक चहा घेतला आणि आईला लोकेशन पाठवलं, प्रत्येकाची झेप वेगळी. मग घोडबंदरचं ट्रॅफिक, त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीये.

पुण्यात जागा बघताना एका ओनर काकांशी फोनवर बोलणं झालं. आडनाव विचारलं, खूश झाले. मूळचे कुठले विचारलं, मी म्हटलं बडोद्याची. तिथून काका जे हिंदीत शिरले ते बाहेरच आले नाहीत. मी मराठीत उत्तर देतेय, ते हिंदीत विचारतायत, "खाना क्या बनाओगे, नॉनव्हेज तो नहीं? लड़के लोग आएंगे क्या मिलने?" अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, रजिस्टर करावं लागेल, पोलिस व्हेरिफिकेशन, रात्री दहानंतर पाहुणे नकोत, गच्चीवर जायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला घरात घेण्याआधी असं तपासून घेत होतं. राग आला, पण हेही दिसत होतं की मी पास होणारच होते. नाव, जात, जेवण, सगळे बॉक्स टिक झाले होते, अडचण होती ती फक्त मुलगी असण्याची आणि एकटी असण्याची. भोपाळवाल्याचा कॉल पहिल्याच प्रश्नाला संपला असता. काकांची जागा मी घेतली नाही, गच्चीच्या अटीवरून. शेवटी चाकणच्याच एका मुलीने तिच्या फ्लॅटमधली रिकामी होणारी खोली दाखवली, भोसरीला, खिडकीतून एका वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि दिवसभर ग्राइंडरचा आवाज. मकरपुऱ्यात वाढलेल्या कानांना काहीच त्रास नाही.

चाकणला कंपनीत पण जाऊन आले. त्यांनी लॅब दाखवली आणि इंटरव्ह्यूतलं ते जळलेलं सॅम्पल खरंच टेबलावर पडलेलं होतं, अजून कुणी सोडवलं नव्हतं. मी त्यावर जवळपास तासभर बोलले असेन, बस चुकता चुकता राहिली.

परत आल्यावर एक्सेलमध्ये एवढंच केलं, बडोद्याच्या रकान्यातलं शून्य काढून तिथे आमच्या भागात तशी जागा भाड्याने घेतली तर काय पडेल ते लिहिलं, आणि जेवणासमोर डब्याचा रेट. दोन्ही शहरांतला फरक उरला तो इतका किरकोळ की त्यावर आयुष्यातला कुठलाच निर्णय घेता आला नसता. पैशाने प्रश्न सुटला नाही, पण पैसा मधून बाजूला झाला, आणि मग उरलं ते साधंच होतं, पन्नास हर्ट्झ की किलोहर्ट्झ. ते तर मला इंटरव्ह्यूच्या रात्रीच माहीत होतं.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं, आणि लगेच, तिथला गॅस पाइपचा आहे की सिलिंडर? आईने दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलून मग कुकर कुठला नेणार असं विचारलं, म्हणजे झालं. आजीचं अजून चालूच आहे, तिने पुण्यातल्या लांबच्या आत्याच्या नणंदेचा नंबर शोधून काढलाय आणि मी तिला फोन करावा असा रोजचा आग्रह आहे. हो, आणि आत्ताच्या ऑफिसात राजीनामा दिल्यापासून मी घरात महिन्याला ठरावीक रक्कम भाडं म्हणून द्यायला लागले. बाबांनी पहिल्या महिन्याचे घेतले, पावती दिली. खरंच दिली, पावतीपुस्तकावर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. हा माणूस ना.

नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, तो संपतोय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. नव्या कंपनीच्या एचआरने जॉइनिंगची तारीख दिली १२ जानेवारी. मी म्हटलं, अहो, ते जमणार नाही, १४ ला उत्तरायण आहे. ती म्हणाली, हां संक्रांत, आमच्याकडे ऑप्शनल हॉलिडे आहे, अप्लाय करा. मग मला तिला समजवावं लागलं की १४ ला उत्तरायण आणि १५ ला वासी उत्तरायण, दोन्ही दिवस गच्चीवर, उंधियू-जिलेबी तिथेच, शहर बंद. ती जरा थांबून म्हणाली, "फॅमिली फंक्शन आहे का?" मी म्हटलं, हो, सगळ्या गावाचंच. तिने १९ तारीख दिली. मी तिला एवढंच सांगून ठेवलं, रेफरन्स चेकसाठी माझ्या मॅनेजरला फोन करायचा असेल तर १३ च्या आत करा, नंतर तो आठवडाभर गच्चीवरून खाली उतरत नाही.